आरसी गाडीच्या सस्पेन्शनसाठी टायटॅनियम: कुठे घ्यावं, कुठे टाळावं, कसं बसवावं

आरसी गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी. तिच्यासाठी टायटॅनियमचे पार्ट घ्यायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात वजन कमी करणं असतं. त्यामुळे पहिला हिशोब वजनाचाच मांडू. ३ मिमी जाडीची, ५० मिमी लांबीची पोलादी सळई साधारण २.८ ग्रॅम भरते आणि तेवढीच टायटॅनियमची १.६ ग्रॅम. १:१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या) बगीचे सहाच्या सहा टर्नबकल, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या सळया, बदलले तरी सात-साडेसात ग्रॅम वाचतात. बॅटरीसकट गाडी दीड किलोच्या आसपास असते. एवढ्या फरकासाठी पैसे घालायची गरज नाही.

खरा फायदा दुसरीकडे आहे. ग्रेड ५ टायटॅनियम म्हणजे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू. तो धक्का बसल्यावर बराच वाकतो आणि परत सरळ होतो. साधं मऊ पोलाद जेवढं ताणल्यावर कायमचं वाकतं, त्याच्या सुमारे सहापट ताण हा धातू पचवून मूळ आकारात येतो. कडक १२.९ ग्रेडच्या (मजबूत स्क्रू-बोल्टच्या) पोलादाच्या तुलनेतही हे प्रमाण सुमारे १.४ पट भरतं. त्यामुळे टायटॅनियम घालायचं ते मार बसून वाकणाऱ्या पार्टच्या जागी. जो पार्ट घासून झिजतो तिथे ते घालू नये. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका फरकावर उभं आहे.

पहिली पायरी: गाडी कुठे पळते ते ठरवा

पुण्या-मुंबईकडे गालिच्यावर किंवा बांधीव ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचा सल्ला मराठवाड्यात जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे गाडी पळते ती मुरमाच्या मैदानावर, कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत, नाहीतर पीक निघालेल्या रानात. या तीन जागा गाडीला तीन वेगळ्या प्रकारे मारतात.

मुरमावर धूळ हा मुख्य शत्रू. बारीक, टोकदार कण प्रत्येक सांध्यात शिरतात. नायलॉनच्या आर्मच्या (चाकाला धरून वरखाली हलणाऱ्या हाताच्या) भोकात एकदा ते रुतले की तिथली पिन घासत राहतात. रानात धसकटं असतात. ज्वारीचं धसकट परवडलं, पण पऱ्हाटी उपटल्यावर मागे राहिलेला तुकडा पुढच्या चाकाच्या आत सापडला तर स्टिअरिंगची लिंक (जोडसळई) जागेवर वाकते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांत १:१० बगीचं पुढचं चाक आरामात उतरतं आणि सगळा झटका कॅम्बर लिंकवर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल ठरवणाऱ्या सळईवर, येतो. पावसाळ्यात तीच माती चाकाला आतून चिकटून घट्ट होते. तेव्हा गाडी घरातच ठेवलेली बरी.

तुमच्या गाडीचे मोडलेले, वाकलेले पार्ट टाकून देऊ नका. एका डबीत जमवा. डबीत वाकलेले टर्नबकल जास्त असतील तर टायटॅनियम तुमच्या कामाचं आहे. झिजलेल्या पिना आणि सैल झालेले आर्म जास्त असतील तर टायटॅनियमने काही सुधारणार नाही. तिथे नवे आर्म आणि कडक पोलादी पिना लागतील.

दुसरी पायरी: सुरुवात टर्नबकलपासून

टर्नबकल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली सळई. एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. मध्ये पान्यासाठी षटकोनी किंवा चौकोनी भाग असतो. फिरवली की लिंक लांब किंवा आखूड होते आणि चाकाचा कल बदलतो. स्टिअरिंगच्या दोन, पुढच्या कॅम्बरच्या दोन आणि मागच्या कॅम्बरच्या दोन, अशा बहुतेक बगी-ट्रकमध्ये सहा लिंक असतात. काही गाड्यांत पुढची रचना वेगळी असते आणि तिथे फक्त मागच्या दोनच कॅम्बर लिंक लागतात, म्हणून आपली गाडी पाहूनच मोजा.

सहा एकदम घेणं परवडत नसेल तर आधी स्टिअरिंगच्या दोन बदला. मार त्यांनाच जास्त बसतो. शिवाय लिंक नजरेला दिसणार नाही इतकी वाकली तरी गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि दोष सर्व्होवर (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ढकलला जातो. मग पुढच्या कॅम्बर लिंक घ्या. मागच्या सगळ्यात शेवटी.

जाडीकडे नीट लक्ष द्या, इथेच खरा नफा आहे. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून थोडाच जास्त आहे: पोलाद सुमारे २०५ गिगापास्कल, टायटॅनियम सुमारे ११४. म्हणजे त्याच जाडीची टायटॅनियमची लिंक पोलादापेक्षा जास्त लवचीक असते. पण गोल सळईचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ३ मिमीऐवजी ४ मिमीची टायटॅनियम सळई घेतली तर वजन ३ मिमी पोलादी सळईइतकंच राहतं, ताठपणा मात्र पावणेदोन पट होतो आणि वाकून परत येण्याचा गुणही हाती राहतो. तेव्हा निवड असेल तर मधला भाग जाड असलेला टर्नबकल घ्या.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. मधला भाग कितीही जाड असला तरी टोकाचे आटे बॉल कपच्या (लिंकच्या टोकाला बसणाऱ्या, गोल बॉलवर दाबून बसवायच्या वाटीच्या) मापाचेच राहतात. एम३ आट्याच्या तळाशी धातू जेमतेम २.४ मिमी उरतो, आणि लिंक तुटली तर तिथेच तुटते. म्हणून लिंक जुळवल्यावर कपाबाहेर उघडे आटे जितके कमी दिसतील तितकं चांगलं. आखूड टर्नबकल घेऊन आटे ओढून-ताणून पुरवण्यापेक्षा योग्य लांबीचा मागवा.

लिंक वाकेनाशी झाली की तिच्यावर येणारा धक्का पुढे सरकतो. तो बॉल कपावर जातो, नकलवर (चाक ज्यावर फिरतं त्या भागावर) जातो, सर्व्होच्या दातांवर जातो. म्हणून टायटॅनियम टर्नबकल घालताना बॉल कप प्लॅस्टिकचेच ठेवा. जोरात धडक बसल्यावर कप बॉलवरून निसटला तर ते चांगलंच लक्षण समजा. हाताने परत दाबून बसवला की गाडी चालू. सर्व्हो सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा भाग) फार घट्ट केला असेल तर थोडा सैल करा. याच कारणासाठी नायलॉनचे सस्पेन्शन आर्म काढून अॅल्युमिनियमचे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या खडबडीत जमिनीवर लवणारा आर्म गाडी वाचवतो.

तिसरी पायरी: घासणाऱ्या जागा पोलादालाच द्या

हिंज पिन म्हणजे ज्या पिनेवर आर्म वरखाली फिरतो ती. बाजारात टायटॅनियमच्या हिंज पिना मिळतात आणि दिसतात छान. पण टायटॅनियमचा पृष्ठभाग घासण्यात कच्चा असतो. ग्रेड ५ ची कठिणता साधारण ३५० विकर्स आहे, तर कडक केलेल्या पोलादी पिनेची ६०० च्या पुढे जाते. भोकात मुरमाची धूळ असताना ही उघडी टायटॅनियम पिन लवकर ओरखडते, मग आर्म अडखळत फिरतो आणि सस्पेन्शन जमिनीला प्रतिसाद देणं सोडतं. लेप दिलेली पिन असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तरीही धुळीच्या जागी मी कडक पोलादच सुचवीन.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत डाय आणि फिक्स्चरच्या कामासाठी डॉवेल पिना लागतात. त्या कडक करून घासून अचूक मापाला आणलेल्या असतात. टूल रूमला माल पुरवणाऱ्या दुकानात ३ मिमीची डॉवेल पिन मागा. तिची जाडी ३ मिमीपेक्षा काही मायक्रॉनच जास्त असते, त्यामुळे नायलॉनच्या भोकाला ३ मिमीचा रीमर हलकेच फिरवावा लागू शकतो. पण दोन्ही टोकं बंद असलेल्या जागीच ही पिन चालते. ई-क्लिपसाठी खाच लागत असेल तर एवढ्या कडक पोलादात ती पाडणं सोपं नाही, तिथे कंपनीचीच पिन घ्या.

शॉकच्या शाफ्टबाबत मोठा गोंधळ आहे. सोनेरी रंगाचा ‘टायटॅनियम शाफ्ट’ म्हणून जो विकला जातो, तो बहुतेक वेळा पोलादी शाफ्ट असतो आणि त्यावर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा लेप असतो. शॉकसाठी हीच रचना योग्य आहे. आत ताठ पोलाद, वर अतिशय कठीण लेप, त्यामुळे सील कमी झिजतं आणि तेल गळत नाही. नुसत्या टायटॅनियमचा शाफ्ट मात्र घेऊ नका. सोनेरी लेपावर उभा ओरखडा उमटला असेल तर शाफ्ट बदला, नाहीतर तो ओरखडा सील कापत राहतो.

बॉल स्टड, म्हणजे बॉल कप ज्यावर बसतो ते गोल डोक्याचे स्क्रू, मार खाणाऱ्या आणि घासणाऱ्या पार्टच्या मध्ये येतात. त्यांना मारही बसतो आणि प्लॅस्टिकच्या कपात घासणंही चालू असतं. धुळीत पोलादी स्टड पुरेसे आहेत. टायटॅनियमचे घ्यायचेच असतील तर लेप दिलेले घ्या आणि मानेजवळ गोलाई आहे का ते पाहा. मान काटकोनात कापलेली असेल तर स्टड तिथेच तुटतो.

स्क्रू

टायटॅनियम स्क्रूची ताकद १२.९ पोलादी स्क्रूपेक्षा कमी असते आणि त्यांची किंमत फार. तरी त्यांना एक जागा आहे: शॉक टॉवर (शॉकची वरची टोकं जिथे बसतात ती उभी प्लेट) आणि त्याच्या वरचा भाग. वजन उंचावरून कमी केलं तर गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलते. खालच्या चेसिसच्या प्लेटला पोलादी स्क्रूच राहू द्या, तिथलं वजन उपयोगाचं असतं. पिनियनचा (मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाचा) ग्रब स्क्रू आणि ड्राइव्ह शाफ्टचे स्क्रू यांना टायटॅनियम लावू नका.

डोंगरातल्या क्रॉलरसाठी

बालाघाटच्या उतारांवर काळ्या बेसाल्टच्या गोट्यांत क्रॉलर, म्हणजे हळूहळू दगड चढणारी गाडी, चालवणाऱ्यांची गरज निराळी आहे. तिथे वेग नसतो, गाडी दगडावर पोट टेकून सरकते. खालच्या लिंक दगडाला सतत घासतात. अॅल्युमिनियमच्या लिंकला लगेच खाचा पडतात आणि त्या खाचा पुढच्या दगडाला अडकतात. टायटॅनियमची लिंक त्यापेक्षा कठीण असल्याने कमी ओरखडते आणि सरकून जाते. इथेही घासणं आहेच, पण सांध्यातलं नाही. बाहेरून ओरखडे पडले तरी लिंकचं काम बिघडत नाही. खालच्या लिंक टायटॅनियमच्या आणि वरच्या आहेत त्याच ठेवा. काही जण वजन खाली यावं म्हणून खालच्या लिंक मुद्दाम पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घालतात, आणि चढावर त्याचा उपयोगही होतो. मोठमोठ्या गोट्यांत अडकण्याचा त्रास जास्त असेल तर टायटॅनियम, उभ्या चढावर गाडी उलटत असेल तर पितळ.

चौथी पायरी: माप आणि मागणी

डिजिटल व्हर्निअर घ्या. मापं चार: टर्नबकलची एकूण लांबी, मधल्या भागाची जाडी, आट्यांची बाहेरची जाडी आणि षटकोनी किंवा चौकोनी भागाची रुंदी. आटे ३ मिमी आहेत की ४ की ५ हे अंदाजाने ठरवू नका. १:८ बगीत ५ मिमीपर्यंतचे आटे दिसतात. वाकलेला टर्नबकल मोजू नका, तो नेहमी आखूड भरतो. त्याच्या जोडीचा सरळ असलेला मोजा. गाडीच्या नावासोबत तिची आवृत्तीही विक्रेत्याला सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत आवृत्ती बदलली की लिंकची लांबीही बदललेली असते.

परदेशातून मागवताना पार्टच्या किमतीवर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च लागतो हे धरूनच हिशोब करा. दोन-तीन मित्रांनी एकत्र मागवलं तर कुरिअर वाटून जातं.

जाहिरातीत ‘टायटॅनियम कलर’ असं लिहिलं असेल तर तो राखाडी रंगाचा अॅल्युमिनियमचा पार्ट आहे. निळा-जांभळा रंगही काही सिद्ध करत नाही. टायटॅनियमवर विजेने ऑक्साइडचा पातळ थर चढवला की रंगाशिवाय ते निळं दिसतं, आणि अॅल्युमिनियम रंग देऊन निळं करता येतं.

पाचवी पायरी: खरं-खोटं ओळखा

जालन्याची सळई आपल्याकडे कुणीही ओळखतो, टायटॅनियमचं तसं नाही. चुंबक लावून पाहणं अपुरं पडतं, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातीही चुंबकाला चिकटत नाहीत. वजनाची परीक्षा मात्र पक्की आहे आणि ती एखाद्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर करता येते. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

सगळे टर्नबकल एकत्र तोला आणि आकडा लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. टर्नबकल बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका आणि चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. आता काटा जे ग्रॅम दाखवतो, तेवढे घन सेंटिमीटर हे त्यांचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ४.४ च्या आसपास आलं तर टायटॅनियम, ७.८ च्या आसपास आलं तर पोलाद, २.७ ते २.८ आलं तर अॅल्युमिनियम. समजा सहा टर्नबकल १२.५० ग्रॅम भरले आणि पाण्यात काट्याने २.८२ दाखवले, तर भागाकार ४.४३ येतो, म्हणजे माल खरा. एकेक तोलण्यापेक्षा सगळे मिळून तोलले की काट्याची चूक कमी पडते.

शुद्ध टायटॅनियम म्हणजे ग्रेड २ ची घनता ४.५१ आहे, त्यामुळे ग्रेड ५ आणि ग्रेड २ मधला फरक या परीक्षेत कळत नाही. ताकदीत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ग्रेड २ सुमारे २७५ मेगापास्कलला कायमचं वाकतं, ग्रेड ५ त्याच्या तिपटीला. एखाद्या टूल रूममध्ये ओळख असेल तर सेटमधल्या एका नगाची कठिणता तपासून घ्या. ग्रेड ५ रॉकवेल सी मापावर ३६ च्या आसपास येतं.

सहावी पायरी: बसवणं

जुनी लिंक काढण्याआधी तिच्या दोन्ही बॉल कपांच्या मध्यांमधलं अंतर मोजून लिहा. नवी लिंक बरोबर त्याच अंतरावर जुळवायची आहे. जुने कप सैल झाले असतील तर नवेच घाला. नवा कप नव्या लिंकवर घट्ट फिरतो, म्हणून आट्यांना थोडं ग्रीस किंवा साबण लावा. दोन्ही टोकांना कप सारख्या फेऱ्यांनी चढवा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहते. प्रत्येक कपात किमान ६ मिमी आटे गेलेच पाहिजेत.

उलट्या आट्यांच्या टोकाजवळ बहुतेक टर्नबकलवर बारीक खाच असते. सगळ्या लिंक अशा लावा की ती खाच गाडीच्या डाव्या बाजूला येईल. मग पाना एकाच दिशेने फिरवला की प्रत्येक लिंक सारखीच लांब किंवा आखूड होते, आणि मैदानावर घाईत उलट फिरवण्याची भानगड राहत नाही. पाना टर्नबकलच्या मापाचाच वापरा. पकड लावली तर टायटॅनियमवर दातांचे ओरखडे उमटतात आणि पुढे तिथूनच चीर सुरू होऊ शकते.

टायटॅनियम जिथे अॅल्युमिनियममध्ये किंवा टायटॅनियममध्येच फिरून बसतं तिथे आटे एकमेकांना धरतात. एकदा स्क्रू असा धरला की तो निघता निघत नाही, निघाला तर आटे घेऊनच निघतो. म्हणून अशा प्रत्येक जागी अँटी-सीझ (आटे धरू न देणारी) पेस्ट लावा, हळू फिरवा आणि मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर जोर न लावता मागे घ्या. कंपनाने सुटणाऱ्या जागी निळं थ्रेडलॉक (आटे घट्ट धरून ठेवणारा द्रव) लावता येतं, पण टायटॅनियमवर ते हळू वाळतं, म्हणून रात्रभर थांबा. थ्रेडलॉक प्लॅस्टिकला लागू देऊ नका, प्लॅस्टिक तडकतं. टायटॅनियम स्क्रूला झिजलेली अॅलन की लावलीत तर डोकं गोल होतं, म्हणून एम३ बटन आणि काउंटरसंकसाठी २ मिमीची आणि कॅप स्क्रूसाठी २.५ मिमीची नवी की ठेवा.

सगळं बसल्यावर शॉक खालच्या बाजूने सोडा आणि आर्म उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. अडखळत असेल तर लिंकमध्ये नाही, हिंज पिनेत किंवा आर्मच्या भोकात दोष शोधा. शॉक परत लावा, बॅटरी बसवा, गाडी सपाट फरशीवर ठेवून दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग कॅम्बर मोजा. पुढे-मागे उणे १ अंश (चाकाची वरची बाजू किंचित आत) ही कच्च्या मैदानासाठी चांगली सुरुवात आहे. पुढचं टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळली आहेत ते) शून्य किंवा किंचित बाहेर. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिंक कुठे घासत नाही ना ते पाहा, कारण जाड टायटॅनियम लिंक मूळच्या लिंकपेक्षा जास्त जागा घेते.

लेथवर बनवून घ्यावं का?

आपल्याकडे लेथची आणि कारागिरांची वाण नाही, त्यामुळे हा विचार येतोच. एक-दोन टर्नबकलसाठी मी नको म्हणेन. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे सगळी उष्णता टूलच्या टोकाला साठते. कमी वेग, धारदार कार्बाइड आणि भरपूर कूलंट लागतं. त्यात एम३ चे उलटे आटे पाडायला खास डाय हवी. दाबून पाडलेले आटे वारंवार बसणाऱ्या धक्क्यांत कापलेल्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात, आणि ती सोय एका नगासाठी कुणी करत नाही. क्रॉलरच्या लिंकची गोष्ट वेगळी. त्या लांब, सरळ सळया असतात, टोकाला आत आटे पाडले की झालं, तिथे जॉब वर्क करून घ्यायला हरकत नाही. मात्र टायटॅनियमचा बारीक चुरा पेटतो आणि पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. कारागिराला आधी सांगा आणि जवळ कोरडी वाळू ठेवायला लावा.

नंतरची काळजी

मुरमावरून आल्यावर ब्रशने कोरडी धूळ झाडा. हिंज पिनेला तेल लावू नका, तेलाला धूळ चिकटते. पिना काढून कोरड्या कापडाने पुसा आणि तशाच बसवा. पावसाच्या चिखलातून गाडी आलीच तर धुऊन वाळवा आणि टायटॅनियम स्क्रू जिथे अॅल्युमिनियममध्ये बसले आहेत ते एकदा सोडून परत बसवा. ओल राहिली की तिथे टायटॅनियमला काही होत नाही, भोवतालचं अॅल्युमिनियम खात जातं. मोठी धडक बसली की लिंक काढून काचेवर लोळवून पाहा. डगमगत असेल किंवा आट्याच्या मुळाशी चीर दिसत असेल तर ती बदला. मे महिन्यात गाडी उन्हात उभ्या असलेल्या कारमध्ये ठेवू नका, बॉल कप मऊ पडून सैल होतात. मैदानावर जाताना डबीत एक स्टिअरिंग लिंक, चार बॉल कप, दोन हिंज पिना आणि टर्नबकलचा पाना ठेवा.